भिंतीने चाळीस पावलं

दौलतआप्पांना कोथिंबीर आणायची असली की ते भिंतीवर चढायचे. वय बहात्तर, डोक्यावर पांढरी टोपी, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, काखेत पिशवी. कॉलनीच्या मागच्या कंपाउंडला त्यांनी बांबूची शिडी लावून ठेवली होती, पलीकडच्या बाजूने दुसरी. नवे भाडेकरू पहिल्यांदा पाहायचे तेव्हा किंचाळायचे. आम्ही म्हणायचो, "घाबरू नका, आप्पा बाजारात निघालेत."

आमचा हा भाग नाशिकच्या मखमलाबादच्या अंगाला. पूर्वी इथे सगळे मळे होते. मळे विकले गेले, ज्याच्या त्याच्या मळ्यावर ज्याच्या त्याच्या बिल्डरने कॉलनी उठवली आणि प्रत्येक कॉलनीचा रस्ता भिंतीला जाऊन टेकला. पलीकडच्या कॉलनीतला भाजीवाला मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. त्याच्याकडे जायचं तर मेन रोड, नाला, पेट्रोल पंप असा दोन किलोमीटरचा वळसा होता. आप्पांच्या भाषेत, "भिंतीनं चाळीस पावलं, रस्त्यानं रिक्षा."

जन्माचे शेतकरी असल्यामुळे आप्पा रस्त्याकडेही पाण्यासारखंच पाहतात. "ताई, रस्ता म्हंजी पाट. पुढं वाट नाय दिली तर पाणी बी कुजतं न् मानसं बी." कुठे नव्या स्कीमचा मंडप दिसला की हे गिऱ्हाइकांत घुसून विचारणार, "ते टाइल्सचं ऱ्हाऊ द्या, हा रस्ता निघतो कुठं ते सांगा." आप्पा दिसले की त्यांना चहा पाजत बाहेरच बसवायचं, असं एका बिल्डरने आपल्या माणसाला बजावून ठेवलंय म्हणे.

त्यांच्या नादाने आम्हीही बिघडलो. मी बँकेत ऑफिसर, पण चार मिरच्यांसाठी पदर खोचून भिंत चढलेली बाई आहे. पार्सलवाले पलीकडे उभे राहून फोन करायचे, "मॅडम, मॅप म्हणतोय पोचलो." मग आप्पा शिडीवर उभे राहून सगळ्या कॉलनीचे पिझ्झे उतरवून घ्यायचे.

त्यांची मागणी एकच होती, त्या भिंतीत माणूस जाईल एवढं फाटक. आमचे चेअरमन कुलकर्णी दरवेळी म्हणायचे, "सिक्युरिटीचं काय? चोर येतील."

"चोराला कसली भिंत? भिंत मला न् तुम्हाला. चोर तरणा ऱ्हातो!"

यंदाच्या सभेत हा विषय पुन्हा निघाला, कारण आप्पांचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी शिडी बंद करायला सांगितली होती. कुलकर्णी समजुतीने म्हणाले, "आप्पा, भाजी आम्ही आणून देऊ. पण भिंत मूळ नकाशातच आहे. कुणीतरी विचार करूनच घातली असेल ना?"

आप्पा खुर्चीला धरून उठले. "विचार कसला! रागानं घातली. म्याच घालायला लावली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीच्या दोन्हीकडची जमीन एकाच घरची होती, अर्धी आप्पांची, अर्धी त्यांच्या धाकट्या भावाची, किसनची. विहीर सामायिक. एका उन्हाळ्यात पाण्याची पाळी कुणाची यावरून भांडण झालं आणि बोलणं तुटलं. जमीन विकताना आप्पांनी बिल्डरला बजावलं, माझा रस्ता किसनच्या हद्दीत जाता कामा नये. किसननेही आपल्या बिल्डरला तेच सांगितलं.

"मंग किसनला अर्धांगवायू झाला," आप्पा म्हणाले. "तवा पहिली शिडी लावली. रोज जाऊन त्याची दाढी करतो. कोथिंबिरीचं नुस्तं निमित्त. ती खायला माह्या घरात दुसरं हाय कोन?"

"रिक्षाने जात जा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"रिक्षानं पाव्हना जातो. भावाकडं पायी जायचं असतं."

मला सरळ रडूच आलं. इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसलो होतो. कुलकर्णींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग विचारलं, "फाटक केवढं हवंय?"

"त्याची चाकाची खुर्ची जाईल येवढं."

पलीकडच्या सोसायटीनेही होकार दिला आणि गेल्या महिन्यात फाटक बसलं. कुलकर्णींनी नारळ फोडला. आम्ही सगळे आप्पांना पुढे ढकलत होतो, पण ते हलेनात. "आधी त्याला येऊ द्या. रस्ता म्या त्याचा बंद केलता."

किसनरावांच्या सुनेने खुर्ची ढकलत त्यांना अलीकडे आणलं. आप्पा त्या दुखऱ्या गुडघ्यांवर त्यांच्यासमोर बसले आणि चारचौघांत म्हणाले, "किसन, ती पाण्याची पाळी तुझीच व्हती."

किसनरावांचं तोंड जरा वाकडं झालंय, शब्द सावकाश येतात. "म्हाईत हाय, दादा. तू झोपल्यावर म्या ते पाणी घेतलंच व्हतं."

आप्पा इतके हसले, इतके हसले, की त्यांना उठवायला कुलकर्णींना आणि मला हात द्यावा लागला.