नावासहित स्वागतगीत

शहापूरजवळच्या एका महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती आणि महाविद्यालयात जागतिक संस्कृती शिल्लक नव्हती. विद्यापीठाचं परिपत्रक स्पष्ट होतं: वृंदगानाचा कार्यक्रम करावा, त्यात निरनिराळ्या शतकांतली व खंडांतली गाणी असावीत, आणि एक गाणं ‘स्थानिक, प्राचीन व शक्यतो आदिम’ असावं. जबाबदारी प्रा. ज्ञानेश्वर विशे यांच्यावर आली. ते अर्थशास्त्र शिकवत. पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला गाणं, रांगोळी आणि मंडप घालणं येतंच, असं संस्था गृहीत धरते.

विशे सरांची उमेदीची वर्षं तासिकांवर गेली होती. कायम नेमणुकीचा कागद संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांच्या टेबलावर सहीवाचून पडून होता आणि कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणेही दादासाहेबच होते. सरांनी कंबर कसली. मोबाइलवरून युरोपातलं मध्ययुगीन लॅटिन भजन उचललं, आफ्रिकेतलं कापणीचं गाणं घेतलं, जपानी कोळ्यांचंही घेतलं. मुलं झकास गाऊ लागली. कशाचाच अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण परिपत्रकात ती अट नव्हती.

आदिम रकाना तेवढा रिकामा होता. तो मधल्या सुट्टीत दिपालीने भरला. तानसाकडच्या पाड्यावरची ही पोरगी खिडकीशी बसून गुणगुणत होती, “ये रे बाबा, पाट मांडला, पाणी ठेवलं, वाटंवर दिवा लावला...” ‘बाबा’नंतर कुणाचं तरी नाव येत होतं. चाल ऐकून सरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी ती तिथल्या तिथे रेकॉर्ड करून प्राचार्यांना पाठवली आणि प्राचार्यांनी ‘प्राचीन स्वागतगीत (नावासहित)’ म्हणून तिला विद्यापीठाची मंजुरीही आणली.

मग सरांनी दिपालीला तालमीला बोलावलं. ती दचकली.

“सर, ते मेल्यावरचं हाय. माझा आजा गेला ना, तवा आयनं गायलं. गेलेल्याचं नाव घेऊन त्याला वाटंला लावतात. जित्या माणसाचं नाय घेत.”

“आणि घेतलं तर?”

“मग तो आमच्यासाठी गेला. त्याला हाक नाय मारत. त्याच्याकडं काय मागत पण नाय.”

सर धावत प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“विशे, पाट मांडलाय, पाणी ठेवलंय, दिवा लावलाय. यात स्वागत नाही तर काय आहे?”

“पण सर, ते मयताचं...”

“मंजुरी स्वागताची आहे. त्याचं मयत करायचं तर सुधारित प्रस्ताव, भाषा विभागाचा अभिप्राय, सांस्कृतिक मंडळाची बैठक. की दादासाहेबांना सांगू, विशेंमुळे तुमचं स्वागत रद्द झालं?”

सरांना टेबलावरचा कागद आठवला. त्यांनी दिपालीला समजावलं की स्टेजवर घेतलेलं नाव खरं नसतं. सहभागाचे गुण मात्र खरे असतात, हेही सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण ती काय, नोकरीत अधूनमधून वाटायचीच.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. लॅटिन भजनावर टाळ्या पडल्या, कापणीच्या गाण्यावर शिट्ट्या. मग दिवे मंद झाले. पाट मांडला, तांब्या ठेवला, समई लावली, दादासाहेब पाटावर बसले आणि दिपालीच्या मागे सगळा वृंद गाऊ लागला, “ये रे बाबा दादासाहेबा...” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पाहून दादासाहेबांनाही भरून आलं.

“वन्स मोअर!” ते म्हणाले. “आणि या वेळी आमच्या सौभाग्यवतींचंही नाव घ्या.”

घेतलं. त्यावर विद्यापीठाच्या प्रतिनिधींचा चेहरा पडला, कारण शिष्टाचाराप्रमाणे त्यांचं नाव आधी यायला हवं होतं. त्यांचंही घेतलं. मूल्यांकन समिती निःपक्षपाती असल्याने तिने सर्व सदस्यांची नावं वर्णानुक्रमे घेण्याची सूचना केली. प्राचार्य तर न सांगताच पाटावर जाऊन बसले.

शेवटी गहिवरलेल्या दादासाहेबांनी तो कागद मागवला, स्टेजवरच सही ठोकली आणि जाहीर केलं, “आता विशेंचं नाव!”

दिपाली माईकपासून मागे सरली.

“सर, तुमचं नाय घेणार मी. तुमचं नको.”

विशे सर केव्हाच पाटावर बसले होते. इतक्या वर्षांत संस्थेने त्यांना पहिल्यांदाच बसायला काही दिलं होतं.

“घे गो पोरी,” ते हात जोडून म्हणाले. “आता कायम झालो मी.”

महाविद्यालयाला वरचा दर्जा मिळाला. दिपाली हल्ली रस्त्यात दिसली तर मान खाली घालून पुढे जाते, सरांना हाक मारत नाही, आणि ते सरांना फार लागतं. तिच्या पाड्यावरची माणसं पूर्वी नळ मागायला दादासाहेबांकडे खेटे घालत, तीही आता येत नाहीत. ‘लोक समाधानी आहेत,’ असं दादासाहेब भाषणांतून सांगतात.

विद्यापीठाने ते स्वागतगीत सगळीकडे सक्तीचं केलं असून त्यात आता प्रेक्षकांचीही नावं घेतात. मुरबाडच्या कार्यक्रमाला प्रवेश मोफत आहे. फक्त दाराशी पूर्ण नाव सांगायचं. कशासाठी, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. पहिल्या रांगेत खुर्ची मिळणार असेल, तर तुम्हीही विचारणार नाही.