उजव्या खुब्याचा चार्ज

यमुताई शेलार यांच्या उजव्या खुब्याने चार्ज देण्यास नकार दिल्यामुळे त्यांची शस्त्रक्रिया सोमवारऐवजी बुधवारी झाली. आपल्या जागी येणारा सांधा आपण स्वतः पारखून घेऊ, असं त्याचं म्हणणं होतं. इस्पितळाचा कारकून म्हणून त्या मुलाखती मीच लिहून घेतल्या.

खुब्याचा अधिकार मोठा होता, हे कबूल करायला हवं. यमुताई आरोग्यसेविका. लशीची पेटी खांद्याला लावून चौतीस वर्षं त्यांनी वाड्यावस्त्या तुडवल्या, आणि हा पठ्ठ्या एक दिवस रजेवर गेला नाही. आता मात्र झिजून हाडावर हाड आलं होतं. नवा सांधा बसला नाही तर यमुताईंचं चालणंच संपणार होतं.

पहिला उमेदवार बिनसिमेंटचा, अगदी चकचकीत. "मला सिमेंट लागत नाही. हाडच वाढून मला धरतं."

"शहात्तराव्या वर्षी?" खुबा म्हणाला. "हाड पार भुसभुशीत झालंय हो. त्याच्या भरवशावर बाईंना उभं करू?"

"एकदा धरलं की पंचवीस वर्षं दुखण्याचं नाव नाही."

"तीच तर अडचण आहे."

दुसरा सिमेंटचा. साधा, कमी बोलणारा. "मी पहिल्या दिवसापासून धरतो," एवढंच म्हणाला.

तेव्हा खुब्याने चार्ज-यादीतली शेवटची नोंद वाचली. खाटेवर यमुताईंनी डोळे मिटून घेतले.

"रोज सकाळी बाई सुतारांच्या दारापाशी थांबतात. त्या घरातलं मूल त्र्याऐंशी साली, लशीची पेटी पोचायच्या आत गेलं. कुणी विचारलं तर बाई सांगतात, खुबा दुखतो. तेव्हा मी ठणठणीत होतो. तरी चाळीस वर्षं तो आळ मी अंगावर घेतला. तुम्ही घ्याल?"

"घेईन."

खुब्याने चार्ज-यादीच्या तिन्ही प्रतींवर सही केली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर मणेरीकरांनी उठून त्याला नमस्कार केला. मला राहवलं नाही, मीही केला.

दोन महिन्यांनी मी कामावर निघालो होतो. पुढे यमुताई काठी टेकत चालल्या होत्या. सुतारांच्या दारापाशी त्या थांबल्या.

"ताई, नवासुद्धा दुखतो का हो?" सुतारांच्या सुनेने विचारलं.

"दुखतो गं," यमुताई म्हणाल्या.

नवा सांधा काही बोलला नाही. जरा वेळाने दोघं पुढे निघाली.