मधलं म्युझिक

आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला दोन गोष्टी येतात. नळाला पाणी, आणि शेजारच्या तात्यांच्या तोंडाला व्हायोलिन. एक नव्हे, चाळीस. एकट्या माणसाच्या नाकातोंडातून चाळीस व्हायोलिनं कशी निघतात हे मला अजून समजलेलं नाही, पण निघतात. मग संतूर येतो, त्यामागून तबला पाय टाकतो, सगळं कसं भरून येतं, आणि आता हिरॉईन तोंड उघडणार, अगदी उघडणार, त्या क्षणी तात्या गप्प होतात.

गप्प म्हणजे पार गप्प. नुसती बोटं बाजेच्या कडेवर ताल धरून असतात. गाण्याची ओळ जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ मोजून जातो, मग छोटीशी बासरी, "टिरी रीरी री", आणि परत शांतता.

निमगाव केतकीत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वेड लागायची पाळी आली. दात घासता घासता ती मोकळी ओळ मीच मनात भरायचो. बायको गॅसवर दूध ठेवून तेच करत होती, हे मला महिन्याने कळलं. गाणं कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही दिवसभर तेच घेऊन बसाल.

आता जुन्या सिनेमाची गाणी कोण गुणगुणत नाही? पण तुम्ही आम्ही गुणगुणतो ते शब्द. मधलं म्युझिक आलं की आपण "लालाला" करून उरकतो. तात्यांचं उलटं. सुरुवातीचं म्युझिक, दोन कडव्यांमधलं म्युझिक, शेवटी विरत जातं ते म्युझिक, सगळं पाठ. शब्दांशी मात्र देणंघेणं नाही. बारामतीत हल्ली घरटी एक कराओकेचा माईक आहे. मशीन म्युझिक वाजवतं, माणूस शब्द म्हणतो. आमचे तात्या म्हणजे धोतर नेसलेलं मशीन.

बरं, हे गाण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. तात्या आयुष्यालाच पार्श्वसंगीत देतात. शेतातली लाईट आली की तुतारी. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या की संतूर. भावकीतला एक माणूस बांध कोरतो असा त्यांना संशय आहे, तो समोरून आला की तात्या खालच्या आवाजात "ढँ... ढँ... ढँ..." करत त्याच्या पावलांना ताल देतात. तो बिचारा पावलं बदलून चालायला लागतो, तर तात्या लयही बदलतात. पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या बापाने घसा खाकरून "आता देण्याघेण्याचं बोलू" म्हणताच कोपऱ्यातून "टॅ-टॅ-टॅण्ण!" असा काही आवाज आला, की बापाच्या हातातली बशी कलली. सोयरीक मोडली. पुतणी आज मजेत आहे आणि दर दिवाळीला तात्यांना आधी नमस्कार करते.

तात्यांच्या डाळिंबाच्या बागेत एकदा मी त्यांना सरळच विचारलं. "तात्या, एवढं सगळं म्हणता, मग शब्दच का गाळता?"

"गाळत न्हाय सर," तात्या फांदीवरची नजर न काढता म्हणाले, "जागा सोडतो."

मग बांधावर बसून त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून त्या घरात गाणं दोघांचं होतं. धारा काढताना, डाळिंबं निवडताना काकी शब्द म्हणायच्या आणि तात्या म्युझिक द्यायचे. बारा वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचा साखरपुडा झाला. बायकांनी आग्रह केला म्हणून काकी मांडवात गायला उभ्या राहिल्या. हेच सकाळचं गाणं. त्यात पहिल्याच ओळीत "मस्त बहार" असे शब्द आहेत. आता डाळिंबवाल्यांच्या घरात बहार म्हणजे फळ धरायचा हंगाम, आणि असे बहार तीन असतात: मृग, हस्त आणि आंबे. आणि तात्यांच्या बागेत वर्षानुवर्षं धरतात तो हस्त. काकी हयातभर "हस्त बहार" म्हणत आल्या होत्या, त्या दिवशीही तेच म्हणाल्या. गड्यांच्या बाजूनं तात्या ओरडले, "अगं, हिरॉईन हाय ती, डाळिंबाची बागायतदार न्हाय!"

मांडव हसला. काकीही हसल्या. ओळ पुरी करून खाली बसल्या, त्या बसल्याच. तेव्हापासून एक सूर नाही.

"माफी नाही मागितली?"

"मागितली की. तर 'कशाची?' म्हनली. 'मला काय सुदिक वाटलं न्हाय,' म्हनली. आता जे वाटलंच न्हाय त्याची माफी मागायची कशी सर? तुमी शिकल्यालं हाय, तुमीच सांगा."

मी शाळेत भूगोल शिकवतो.

"म्हनून रोज सकाळी तिची जागा मोकळी ठेवतो. कवातरी राहवनार न्हाय तिला." एवढं बोलून त्यांनी एक डाळिंब फोडलं आणि निम्मं माझ्या हातात दिलं.

काकी अबोल वगैरे आहेत असं समजू नका. भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत कुणाशीही त्या तासभर बोलू शकतात. "आमच्या ह्यांच्या तोंडात आख्खा बँड हाय, फकस्त वरातच न्हाय," हे वाक्य त्यांचंच. पण गाण्याचं नाव काढलं की त्यांना चुलीवरचं काहीतरी आठवतं.

बारा वर्षं घरच्या घरी जागा सोडून काही होईना, तेव्हा तात्यांनी मोठा घाट घातला. नुसत्या तोंडांचा ताफा काढायचा, बारामतीत कार्यक्रम करायचा, काकींना पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्यांच्यासमोर अशी जागा सोडायची की माणसानं उठून म्हटलंच पाहिजे. ही आतली गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

ताफ्यात माणसं घेताना त्यांनी कुणालाही गायला लावलं नाही. पिंपळीचा सुनील ढोबळी मिरची पिकवतो. तो पाठीवरच्या फवारणी पंपाचा आवाज तोंडानं काढतो म्हणून त्याला तालाला घेतला. पळसदेवच्या सिंधूताई उजनीच्या काठावर मासळी विकतात. त्यांची "मासंऽऽ" ही आरोळी पाण्यापलीकडच्या वस्तीत पोचते. "ह्या आरोळीतलं 'मासं' काढलं की सनई राहती," तात्या म्हणाले, आणि खरोखर राहिली. बारामतीच्या भाजीबाजारात लिलाव पुकारणारे गुलाबराव ट्रंपेटला आले. आणि मी? एके दिवशी भिंतीवरून डोकं वर काढून तात्या म्हणाले, "सर, तुमी सकाळची गुळनी करताय ती मंद्र सप्तकात करताय, ठावं हाय का?"

मला ठावं नव्हतं. अशा रीतीनं मी ताफ्यातला सर्वांत जाड तारांचा बाजा झालो. बायकोने हे माहेरी कळवलेलं नाही.

तालमी रविवारी तात्यांच्या ओसरीवर. तात्यांचा नियम एकच, "जागा सोडा!" शब्दांची जागा आली की कुणी हूं की चूं करायचं नाही. गुलाबरावांना हे फार जड जायचं. आयुष्य लिलावात गेलेलं. शांतता झाली की त्यांना वाटायचं बोली थांबली, आणि ते पुढचा आकडा पुकारायचे. एकदा बारामतीच्या एस्टीत उभ्या उभ्याच आमची तालीम चालली होती. तात्या तारस्वरात ओरडले, "जागा सोडा!" तर खिडकीशी बसलेले एक आजोबा घाबरून उठले आणि म्हणाले, "बसा, बसा, म्या पुढं उतरनारच हाय." तात्या बसले. तालीम पुरी झाली.

कार्यक्रम ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात, दुपारी चारला होता. फलकावर तात्यांनी स्वतः लिहून घेतलं होतं: "एकही वाद्य नाही! एकही शब्द नाही!" मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "मग आम्ही बघायचं काय, दात?"

पण पहिल्या दोन मिनिटांतच त्या गृहस्थांनी शिट्टी मारली. आम्ही सुरुवात केली ती खलनायकाच्या एन्ट्रीने. मग घोड्यांचा पाठलाग. सुनीलची जीभ टाळ्याला अशी काही लागत होती की पुढच्या रांगेतल्या आजी पाय वर घेऊन बसल्या. मग जुळे भाऊ जत्रेत हरवतात तेव्हाचं म्युझिक, मग शेवटी ते एकमेकांना ओळखतात तेव्हाचं. सिंधूताईंची सनई निघाली तसे लोक हसता हसता डोळे पुसायला लागले. ना पडदा, ना चित्र, ना संवाद, पण सगळ्यांना सगळं दिसत होतं.

आणि मग ते गाणं.

काकी पहिल्या रांगेत, डाळिंबी रंगाच्या नव्या लुगड्यात. चाळीस व्हायोलिनं झाली. संतूर झाला. मी खालून घुमलो. तात्यांनी हात वर केला. जागा सोडली.

शांतता. सभागृहात पंख्यांचा आवाज. काकी तात्यांकडे बघत होत्या, ओठ मिटलेले. ओळीएवढा वेळ गेला, आम्ही पुढची बासरी घेतली. दुसरी जागा आली. मागून कुणीतरी कवळी सावरत पहिला शब्द म्हटला. त्याला शेजारच्यानं साथ दिली. आणि तिसऱ्या जागेला आख्खं सभागृह गात होतं! सत्तरीचे, पंच्याहत्तरीचे, काठ्या आपटून ताल धरणारे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले. असा आनंद मी फार थोड्या वेळा पाहिलाय. आमचा एकही शब्द नाही आणि लोक म्हणे, काय गायलात हो! तीन वेळा तेच गाणं करावं लागलं.

काकींनी टाळ्या भरपूर वाजवल्या. ओठ तेवढे हलले नाहीत.

परतताना जीपमध्ये गुलाबराव पुढच्या कार्यक्रमाच्या तारखा पुकारत होते, सिंधूताई सुनीलला घोड्याच्या टापा पुन्हा काढायला लावत होत्या, आणि काकी सगळ्यांना चिवडा वाटत होत्या. तात्या माझ्या शेजारी बसले होते. तिसऱ्या खेपेला घसा गेला होता, नुसती हवा येत होती. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "समद्यांनी भरली जागा, सर."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या टाळ्यांतून हा माणूस रिकाम्या हातानं घरी चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, व्हायोलिन आलं नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दूधवाल्यानं मोटरसायकल थांबवून खुणेनं विचारलं, काय झालं? मी भिंतीवरून डोकावलो. तात्या गळ्याला मफलर गुंडाळून बाजेवर बसले होते. समोर हळदीचं दूध होतं, त्यावर साय धरली होती.

आणि तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला. "टँऽऽ... टँडँ... टँऽऽ..."

काकी होत्या. चाळीस नसतील, पण दोनतीन व्हायोलिनं नक्की होती. पुढे संतूर आला. बारा वर्षं रोज ऐकलेलं, एक सूर इकडचा तिकडे नाही. तबला आला. आणि शब्दांच्या तोंडाशी येऊन काकी थांबल्या.

भाकरी थापायचा आवाजही बंद झाला.

तात्या माझ्याकडे बघायला लागले, मी तात्यांकडे. जागा चालली होती. मी हातानं खुणावलं, अहो म्हणा! म्हणा काहीतरी! तात्या फाटक्या घशानं, आयुष्यात पहिल्यांदा, शब्द म्हणायला लागले. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसरी चालू झाली, आणि आतून काकींचा आवाज आला.

"काय म्हनला? परत म्हना."

तात्यांनी परत म्हटलं.

"इंदापूर?" काकी दारात आल्या. हाताला पीठ. "इंदापूर म्हनताय तुमी?"

"मंग?" तात्या गोंधळले. "इंदापूरच हाय न्हवं तितं? ती वाट बघती त्येची."

"कुठं?"

"ष्ट्यांडवर."

काकी उंबऱ्यावर बसल्या. पिठाचा हात कपाळाला लावून त्या जे हसायला लागल्या, ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अवो, इंतजार हाय ते! इंतजार!"

"म्हंजी काय?"

"म्हंजी वाट बघनं."

"त्येच म्हनलो की मी," तात्या म्हणाले.

काकींचं हसू थोडं ओसरलं. पदरानं डोळे पुसत त्या तात्यांकडे बघत राहिल्या. मग उठल्या, "भाकरी करपली वाटतं," म्हणाल्या आणि आत गेल्या. तात्यांनी मान खाली घातली.

आतून तवा खाली उतरवल्याचा आवाज आला, आणि त्यामागून काकींचं गाणं. थेट शब्द. आधी म्युझिक नाही, काही नाही. बारा वर्षांचा गंज होता आवाजाला. पहिल्या ओळीला अडखळला, मग मोकळा झाला. दोन्ही कडवी म्हटली त्यांनी. तात्या हलले नाहीत, बोटंसुद्धा नाहीत. नुसते ऐकत बसले.

नेमकी पहिल्या ओळीतल्या त्या शब्दाला दूधवाल्यानं मोटरसायकल चालू केली, त्यामुळे काकी "मस्त" म्हणाल्या की "हस्त", ते माझ्या कानावर आलंच नाही. दुपारी न राहवून मी तात्यांना विचारलं. तात्यांनी आठवून पाहिलं.

"न्हाय बा ध्यानात," त्यांच्या बसलेल्या घशातून हवा आली. "पर म्हनली."