अमरावतीची चौकशी

यादवरावांनी एम.ए. करायचं ठरवलं ते भाकरीचा दुसरा घास मोडताना. (पहिल्या घासापर्यंत ते बी.ए.वर समाधानी होते. याला गोमती साक्षीदार होती. भाकरी तीच वाढत होती.) सकाळी ते वाशिमजवळच्या मालेगावला एका ओळखीच्या हेडमास्तरांना भेटून आले होते, आणि हेडमास्तर सहज म्हणाले होते की हायस्कुलात कायमची मास्तरकी हवी असेल तर एम.ए. असलेलं बरं. आलेला माणूस लवकर उठावा म्हणून हे वाक्य ते बहुधा सगळ्यांनाच म्हणत असावेत. पण यादवरावांच्या मनात ते रुतून बसलं, आणि जेवण संपेपर्यंत त्यांनी स्वतःला प्रोफेसर करून टाकलं.

आता प्रश्न उरला तो वडिलांचा. दौलतराव हे जऊळक्याचे कास्तकार. त्यांचा स्वभाव थोडा संशयी आहे, असं गाव म्हणे. गोमतीला या घरात येऊन एक उन्हाळासुद्धा पुरा झाला नव्हता, पण तिच्या मते गाव फार मवाळ बोलत होतं. स्टेशनमास्तरांनी गाडी लेट आहे म्हटलं, तर यात स्टेशनमास्तरांचा काय फायदा, हे दौलतराव शोधून काढत. दुधात पाणी लागलं नाही, तर म्हैस आजारी आहे की काय, असा त्यांना संशय येई.

यादवरावांनी त्यांच्यापुढे नागपूरचं नाव काढलं. नागपूरला खर्च फार, शिवाय तिकडे गेलेलं पोरगं चहा प्यायला शिकतं आणि बापाला नावं ठेवतं, म्हणून नागपूर बारगळलं. मग जबलपूर. ते स्वस्त होतं, पण गेल्याच साली ते दुसऱ्या राज्यात गेलं होतं. कालपर्यंत आपलं असलेलं गाव एका रात्रीत परकं होतं, त्याचा भरवसा काय धरायचा, असं दौलतरावांचं म्हणणं पडलं. शेवटी यादवरावांनी वर्तमानपत्र उलगडलं. अमरावतीला एका सेठजींच्या ट्रस्टनं नवीन कॉलेज काढलं होतं. पुढे मास्तरच होईन असं जो कबूल करील त्याला एम.ए.ची फी माफ, होस्टेल फुकट, दोन वेळचं जेवणही फुकट. ही सवलत जणू आपणच देत आहोत, अशा आवाजात त्यांनी ती जाहिरात वाचली.

दौलतरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"काहून?" ते म्हणाले.

"काहून म्हणजे?"

"फुकट काहून देते?"

"बाबा, देशात मास्तर तयार व्हावे म्हणून."

"अन् मास्तर तयार झाल्यावर काय करतीन त्याचं?"

यादवरावांनी जाहिरात उलटून पाहिली. (उत्तर मागच्या बाजूलाही नव्हतं.) दौलतरावांनी मग वाशिमच्या बैलबाजारातली जुनी हकीकत सांगितली. एक देखणी जोडी व्यापाऱ्यानं पडेल भावात दिली, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि पेरणीच्या दिवशी त्यातला एक बैल पहिल्याच तासात असा बसला की मंडळींनी त्याच्याच आडोशानं न्याहारी केली. तेव्हा या कॉलेजातही काही तरी खोड असणार. चौकशी केल्याशिवाय होकार नाही. आणि चौकशी पुरी होईपर्यंत घराबाहेर एक अक्षर जाता कामा नये. खरंच फुकट निघालं, तर तालुक्यातले सगळे बी.ए. धावत सुटतील. (तालुक्यातले सगळे बी.ए. बैलांच्या एका दमणीत बसून आरामात गेले असते, पण ते असो.)

गोमतीला तिचं मत कोणी विचारलं नाही, कारण ती नवी सून होती आणि शिवाय बोलत नसे. मत मात्र तिला होतं. नवरा हा माणूस आता कुठे तिच्या ओळखीचा होऊ लागला होता. दाढी करताना ते गुणगुणत आणि सूर चुकला की आरशातच ओशाळत, हे तिला नुकतंच कळलं होतं. तेच आता दोन वर्षं अमरावतीला जाणार, आणि तिच्या वाट्याला राहणार सासूबाई. गोजराबाई मनानं वाईट नव्हत्या, पण नवऱ्याच्या संगतीत राहून रचलेल्या गोवऱ्यांकडेसुद्धा चोर पकडल्यासारख्या पाहत. गोमतीनं एकदा धीर करून नवऱ्याला विचारलंही, "मले नेसान काय?"

"अगं, ते होस्टेल मुलांचं आहे," यादवराव म्हणाले, आणि तिला तिथल्या लायब्ररीचं वर्णन वाचून दाखवलं. आपण विषय छान बदलला, असं त्यांना वाटलं. आपल्याला उत्तर मिळालं, असं तिला वाटलं.

चौकशीचं काम सोयरिकी जुळवणाऱ्या मारोतरावांकडे गेलं. बैल असो की सोयरीक, दौलतरावांचा दुसऱ्या कोणावर विश्वासच नव्हता. (मारोतरावांवरही होता असं नाही, पण त्यांच्यावरच्या अविश्वासाची सवय झाली होती.) गोमतीची सोयरीक त्यांनीच जुळवली होती. तेव्हा ते काळा बंद गळ्याचा कोट आणि गुलाबी फेटा घालून धनजला आले होते आणि गोमतीच्या घरी यायच्या आधी सगळ्या आळीत चहा पिऊन आले होते. त्यांची पद्धतच ती. ज्याची चौकशी करायची त्याला काही विचारायचं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं; आणि पक्कं होईपर्यंत कशासाठी विचारतो ते सांगायचं नाही, कारण मोडता घालणारे फार असतात.

त्याच कोटात आणि त्याच फेट्यात मारोतराव अमरावतीला गेले. कॉलेजच्या फाटकात त्यांनी पाऊल टाकलं नाही. आजूबाजूची घरं मात्र एकूण एक पालथी घातली. परत येऊन ओसरीवर त्यांनी अहवाल दिला तो गोमतीनं दाराआडून ऐकला. इमारत टोलेजंग आहे, विहिरीला पाणी आहे. मास्तर लोक दिसायला रोडके आहेत, पण भांडखोर नाहीत. सेठजीला मूलबाळ नाही, म्हणून तो दानधर्म करतो, असं धोबी म्हणाला.

"अन् खोड?" दौलतरावांनी विचारलं.

"सापडली नाई," मारोतराव म्हणाले.

दौलतरावांचा चेहरा उतरला. न सापडणारी खोड म्हणजे मोठीच असणार.

तिकडे अमरावतीत मात्र वेगळंच होऊन बसलं होतं. कॉलेजला लागून ज्यांचं घर, त्या प्रयागबाई गोमतीच्या आईच्या चुलत बहीण. मारोतरावांनी त्यांना ओळखलं नाही. पण प्रयागबाई गोमतीच्या लग्नाला आल्या होत्या, आणि तो कोट न् तो फेटा त्यांनी दारात पाहताक्षणी ओळखला. हा माणूस या पोशाखात कशासाठी हिंडतो हे साऱ्या वऱ्हाडाला माहीत. त्यांनी साळसूदपणे विचारलं, कोणासाठी पाहणं चाललंय? मारोतरावांनी आवाज खाली नेला आणि म्हणाले, "दौलतरावच्या यादवसाठी. पण इतक्यात कोठी बोलू नका, बाई."

प्रयागबाईंनी कोठी म्हणजे कुठंच बोलायचं नाही असं ठरवलं, आणि फक्त धनजला निरोप धाडला.

पुढचा बाजार भरायच्या आत गोमतीचे वडील बबनराव भाड्याच्या दमणीतून दारात उतरले. बरोबर फराळाचं काही नव्हतं, काठी होती. गोमतीनं पाय धुवायला पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. प्यायला दिलं, ते तसंच ठेवून दिलं. व्याही येतो आणि पाणी पीत नाही, हे पाहून दौलतरावांनी ताडलं की याला फुकटच्या जागेचा वास लागला. याला आपल्या पोरासाठी ती जागा पाहिजे. (गोमतीचा भाऊ मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठला होता, पण संशयाला असल्या अडचणी येत नाहीत.)

"इवाई, अमरावतीचं काय चालू हाये?" बबनरावांनी एकदम विचारलं.

"कोण म्हणते?"

"कोणीबी म्हणो. हाये का नाई?"

"असलं तरी पक्कं नाई. अन् पक्कं झाल्याबिगर आमी सांगत नसतो."

"मलेबी नाई?"

"तुमाले तं बिलकुलच नाई," दौलतराव म्हणाले. "तुमच्या घरी पोरगं हाये. उद्या म्हणसान, आमच्याबी पोराले द्या."

अशा निर्लज्जपणाची बबनरावांनी काठी आणतानाही कल्पना केली नव्हती. मग त्यांनी दात आवळून विचारलं, देणं-घेणं काय ठरलं?

इथं दौलतरावांना अभिमान आवरला नाही. "फुकट. खाणं-राहणंबी त्यायच्याकडेच. दोन वर्षं."

"फुकट देऊन राह्यले म्हंजे काही तरी खोड असन."

"मीबी तेच म्हणतो," दौलतराव म्हणाले. त्या सकाळी दोन व्याह्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका वाक्यापुरतं.

दाराआड गोमतीला दोन्ही बाजू लख्ख दिसत होत्या. साऱ्या घरात तिलाच फक्त दिसत होत्या. तेवढ्यात सासऱ्यांना नमस्कार करायला यादवराव गोठ्याकडून आले. बबनराव म्हणाले, जवाईबापू, मी अमरावतीचं ऐकलं ते खरं का? यादवरावांना आनंद झाला. शिक्षणाची आस्था असलेला माणूस या घरात त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

"खरं आहे, मामाजी. माझ्या मनात तर हे लग्नाच्या आधीपासून होतं. मध्ये लग्नाची गडबड झाली, म्हणून मागं पडलं. गोमतीला सगळं सांगितलंय, तिची काही हरकत नाही."

बबनराव उठून उभे राहिले. नवा कायदा झाला आहे, जेलात जाल, असं त्यांनी यादवरावांना सांगितलं. एम.ए.ला जेल कसली, म्हणून यादवराव विचारात पडले. बबनरावांनी मग दाराकडे तोंड केलं. "गोमते, बोचकं बांध. चाल घरी."

गोमतीनं पदर नीट केला. न बोलावं, तर धनजची दमणी तयारच होती. नुसतं कॉलेज आहे एवढं सांगावं, तर बा पाणी पिईल, जेवील, हसत परत जाईल, आणि त्याच्या मागोमाग नवराही अमरावतीला जाईल. इतका विचार तिनं उंबरठा ओलांडता ओलांडता केला. बाहेर येऊन ती मान खाली घालून म्हणाली, "बा, ते एमे शिकायले चालले. कॉलेजात. बाईचं-गिईचं काही नाई. दोन वर्षं." आणि थोडं थांबून, "मले इथं ठेवून."

हे शेवटचे शब्द तिनं जरा बाजूला ठेवल्यासारखे ठेवले.

"तुमाले काय वाटलं होतं?" दौलतरावांनी विचारलं. बबनराव ओशाळले होते, आणि ओशाळलेल्या माणसाला ताबडतोब दुसरा संशय लागतो.

"बीए तं झालाच हाये ना पोरगा," ते म्हणाले. "मंग आनखी दोन वर्षं कायचे? लग्नात तुमी म्हटलं, पुरा शिकला. म्हंजे तवा कच्चा होता का?"

"कच्चा कायले राहीन? पुराच होता."

"पुरा होता तं आता काय शिकाले चालला?"

यादवरावांनी पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय हे समजावून सांगायला घसा खाकरला, पण दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. कच्चा माल पुरा म्हणून दिला की नाही, यावर बराच वेळ घासाघीस झाली. मारोतरावांना बोलावलं, ते (कोट घालून) आले. सोयरीक जुळवताना पोरगा बी.ए. आहे असंच सांगितलं होतं, त्याच्या पुढंही काही असतं हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. अखेर बबनरावांनी निकाल दिला: एमे करो, नाई तं आनखी काही करो, जिथं जवाई तिथं माझी लेक. नाही तर दमणी उभीच आहे.

गोजराबाईंनी सुनेकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दिसते गरीब," त्या म्हणाल्या, "पण बोलली तं कामाचंच बोलली, माय." गोमती चूल फुंकायला आत गेली. चूल चांगली पेटलेली होती, पण तोंड लपवायला तिला दुसरी जागा नव्हती.

आता यातून परवडणारी वाट काढायची होती. अमरावतीला प्रयागबाईंच्या शेजारी एक खोली भाड्यानं घ्यावी, असं ठरलं. यादवराव म्हणाले, मी त्याच खोलीत राहीन. ते म्हणताना त्यांचे कान लाल झाले, आणि चुलीपाशी गोमतीचेही. पण दौलतरावांच्या कपाळावर आठी आली. फुकटचं होस्टेल, फुकटचं जेवण सोडून घरचं धान्य अमरावतीला वाहायचं, हे कुठलं शहाणपण? आणि मारोतरावांना आता आठवलं, धोबी असंही म्हणाला होता की होस्टेल सोडणाऱ्याची फी-माफी जाते. (हे ऐकून दौलतराव खुलले. खोड सापडली होती.) तेव्हा यादवनं होस्टेलातच राहावं. गोमतीनं खोलीत राहावं, म्हणजे इवाईंचा शब्द राहिला. आणि एकटी तरणीताठी पोर शहरात कशी ठेवायची, म्हणून तिच्यासोबत गोजराबाईंनी राहावं.

सगळ्यांचे सगळे संशय फिटले. बबनरावांनी सकाळपासून ठेवलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि धनजला जाऊन गावभर सांगितलं की आपली लेक जावयासोबत अमरावतीले राह्यते.

पेरण्या आटोपल्यावर मंडळी अमरावतीला आली. खोली एवढी की चुलीपाशी बसलेल्या माणसाची पाठ भिंतीला लागे. यादवराव दर रविवारी येत. गोमती पहाटे उठून डोकं विंचरी, लग्नातलं लुगडं काढी. ते आले की गोजराबाई त्यांना समोर बसवून होस्टेलात डाळ पातळ असते का, तूप देतात की खातात, याची कसून चौकशी करत. ती संपली की यादवराव आईला अर्थशास्त्र समजावून सांगत, आणि ते संपेपर्यंत होस्टेलच्या हजेरीची वेळ होई. गोमती चहा ठेवी, कप विसळी, पुन्हा चहा ठेवी.

एका रविवारी मात्र निघता निघता यादवराव चुलीपाशी थांबले. गोजराबाई प्रयागबाईंकडे विरजण मागायला गेल्या होत्या. यादवरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज हळू केला. गोमतीनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"गोमती," ते फार मायेनं म्हणाले, "तू इथं आलीस ते किती बरं झालं. आईला सोबत झाली."