रविवारचा अंगठा

पत्र दोनदा वाचून झालं आणि मन्मथअप्पा हुडगे खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झाले. नांदेडच्या मुख्यालयातून आलेलं पत्र एरवी खुलासा मागणारं असायचं. या पत्रात मात्र विद्यापीठाचे 'गुणवंत कर्मचारी' म्हणून त्यांचा सत्कार होणार असल्याचं लिहिलं होतं. यापेक्षा खुलासा परवडला असता, असं त्यांना मनापासून वाटलं. कारण हे गुण कुठून आले, ते त्यांना आणि त्यांच्या पत्नी उमाबाईंनाच ठाऊक होतं.

उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून विद्यापीठाने तिथे आधीच उपकेंद्र काढून ठेवलं होतं. जिल्हा काही झाला नाही, दुष्काळ तेवढा झाला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि अप्पांच्या गल्लीत बारा दिवसांनी टँकर. अप्पा नोकरीला असलेल्या उपकेंद्राच्या बोअरला मात्र पाणी होतं. दिवसा वीज नसल्यामुळे मोटर पहाटे आणि संध्याकाळीच चालायची. संचालकांनी नळावर पाटी लावली होती, 'पाणी फक्त कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांसाठी'. कर्तव्यावर कोण, हे ठरवायचा पहारेकरी लिंबाजी, आणि लिंबाजी जगात फक्त फाटकातल्या हजेरीच्या यंत्राला मानायचा.

"अप्पा, यंत्रानं अंगठा घेतला की तुम्ही ड्यूटीवर. मंग दोन कॅन न्या की चार. न्हाई घेतला, तर माझा बाप आला तरी थेंब न्हाई."

तेव्हापासून अप्पा पहाटे साडेपाचला अंगठा लावून दोन कॅन भरत. संध्याकाळी आठला पुन्हा दोन कॅन, पुन्हा अंगठा. रविवारी, दिवाळीला, महाशिवरात्रीला. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातूनही ते अक्षता हातात घेऊनच आले होते. मधल्या वेळात ते इतरांसारख्याच फायली बघत, म्हणजे बेताच्याच.

इकडे व्यवस्थापन परिषदेत दरवर्षी या पुरस्कारावरून भांडणं व्हायची, कारण प्रत्येक सदस्याचा एखादा गुणवंत भाचा विद्यापीठात होता. यंदा कंटाळून त्यांनी ठराव केला, की निवड संगणकानेच करावी. संगणकाला भाचा नव्हता आणि त्याला कॅनही दिसत नव्हते. त्याने हजेरी मोजली. वर्षाचे सगळे दिवस, रोज साडेचौदा तास!

"नगं म्हणून कळवा की," उमाबाई म्हणाल्या.

"कारण काय लिवू?"

"खरं लिवा."

"खरं लिवलं तर पाणी बंद. चौकशी लागंल ती येगळीच."

पाणी बंद म्हटल्यावर उमाबाईंनी पेटीतून इरकल काढलं. "मंग चला. मी बी येते. तुम्ही तोंड उघडू नका."

नांदेडच्या व्यासपीठावर अप्पांनी तोंड उघडलं नाही. शेजारी वित्त अधिकारी कुलगुरूंच्या कानाशी लागले होते. "सर, सुट्टीच्या हजेरीची बदली रजा द्यायची म्हटलं, तर या एकट्याचेच तीन महिने होतात. उद्या सगळेच असे गुणवंत निघाले तर बजेट कोलमडंल!" कुलगुरूंनी मान हलवली.

कुलगुरू बोलायला उभे राहिले. "या माणसाने विद्यापीठालाच घर मानलं! उमाताई, तुमचा हक्काचा रविवार आम्ही हिरावून घेतला. आज मी तो परत करतो. यापुढे सुट्टीच्या दिवशी आणि दहा ते सहा सोडून इतर वेळी मन्मथअप्पांना कामावर यायला मनाई आहे. यंत्र त्यांचा अंगठा घेणारच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत उमाबाईंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. ते पाहून कुलगुरूंना आणखी भरून आलं. "ताई, हे विद्यापीठ तुमचंही घर आहे. कधीही या, तुम्हाला कुणी अडवणार नाही."

दुष्काळामुळे परिषदेने हारतुरे बंद केले होते. त्याऐवजी जलसंवर्धनाचा संदेश म्हणून तांब्याचा कलश दिला.

"रिकामा कलश घिऊन काय करू? वाजवत बसू?" परतीच्या बसमध्ये उमाबाईंनी विचारलं.

रविवारी पहाटे सवयीने अप्पा फाटकाशी गेले. यंत्रावर लाल दिवा लागला. आत पाहतात तो काय, नळापासून अख्खं कार्यालय रांगेत उभं! विद्यापीठाच्या वार्तापत्रात सत्काराची बातमी वाचून पुढच्या वर्षीच्या पुरस्कारासाठी सगळ्यांनी अंगठे लावले होते, आणि आलोच आहोत तर म्हणून सोबत कॅनही आणले होते. सर्वांत पुढे खुद्द संचालक होते.

"अप्पा, तुम्ही कशाला आलाव? विश्रांती घ्या," ते प्रेमाने म्हणाले.

"लिंबाजी, निदान एक कॅन तरी..."

"न्हाई अप्पा. तुमच्यावर कुलगुरू सायबाचा हुकूम हाय."

अप्पा रडकुंडीला आले. एवढ्यात मागून उमाबाई आल्या. कमरेवर कलश, हातात तेच वार्तापत्र.

"वैनी, अंगठा लागतो," लिंबाजी चाचरत म्हणाला.

"कशाचा अंगठा? हे फोटूखाली काय छापलंय, वाच."

लिंबाजीने मोठ्याने वाचलं. "हे विद्यापीठ तुमचंही घर आहे. कधीही या, तुम्हाला कुणी अडवणार नाही."

"मंग? घरात पाणी भरायला अंगठा लावतेत व्हय?"

लिंबाजीने संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी कुलगुरूंच्या फोटोकडे पाहिलं. फाटक उघडलं.

"अन् घरच्या बाईनं रांगंत बी उभारायचं नसतंय," असं म्हणून उमाबाई थेट नळाशी गेल्या. अप्पांनी फाटकाबाहेरूनच दोन कॅन आत दिले आणि भरलेले बाहेर घेतले. शेवटी कलश काठोकाठ भरला आणि तेवढ्यात वीज गेली. मोटर गप्प झाली.

"वहिनी," रिकामा कॅन पुढे करत संचालक म्हणाले, "त्यातलं जरासं..."

"तुम्ही तर ड्यूटीवर हाव की सायब," उमाबाई म्हणाल्या. "जावा, फायली बघा."

पहाटे अंगठा लागला होता आणि पुरस्कारासाठी संध्याकाळचाही लावायचा होता, त्यामुळे त्या रविवारी रात्री आठपर्यंत उपकेंद्राची हजेरी शंभर टक्के होती. गुणवंत मन्मथअप्पा मात्र कुलगुरूंचा हुकूम पाळून, बादलीभर पाण्याने आंघोळ करून, दुपारी घरी ढाराढूर झोपले.