सत्काराचा नारळ

“साहेबांपुढं पाण्याचं रडगाणं नको. मिलची अब्रू जाईल,” मालक व्यंकटरावांनी सकाळीच बजावलं. तेलमिलचा टाइमकीपर सिद्धराम यानं खिशातला अर्ज आणखी खोल ढकलला. कामगारांच्या चाळीला दिवसाआड येणारा सरकारी टँकर रोज यावा, एवढंच त्यात लिहिलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला होता, आज पाहणीला येणारे पाणीटंचाईचे साहेब नवे होते. दुष्काळ तेवढा जुनाच होता.

“आणि मिलमधले तिन्ही रांजण काठोकाठ भरलेले दिसू दे.”

“मालक, पाणी कुठून आणू?”

“चाळीतून. आपण सगळे एकाच कुटुंबातले ना?”

बावीस वर्षं सिद्धराम हे वाक्य खरं मानत आला होता. तो दारोदार फिरला. “एकेक घागर द्या. साहेब गेले की ज्याची त्याला परत.”

“आन् न्हाई आली तर?” कोंडाबाईनं विचारलं.

“मालकाचा शब्द हाय, अक्का.”

“शब्द पिऊन लेकरं झोपतेत व्हय रं?” असं म्हणत तिनं घागर दिलीच.

साहेब आले, पेलाभर पाणी प्यायले. “वा! एवढ्या दुष्काळात तीन रांजण?”

“आमच्या माणसांना पाण्याची ददात नाही,” मालकांची छाती फुगली. “विचारा की ह्या सिद्धरामला.”

“पुरतं ना हो पाणी?”

सिद्धरामचा हात खिशाकडे गेला. मालकांची नजर त्या हातावर होती.

“हाव साहेब,” तो म्हणाला. “लई पुरतंय.”

साहेब कारकुनाकडे वळले. “लिहून घ्या. उद्यापासून इथला टँकर जळकोटकडे. तिकडे लोक तडफडताहेत.”

मालक हसतच राहिले. त्यांच्या बंगल्यात बोअर होती.

मग साहेबांच्या दोन्ही जीपगाड्यांची तापलेली इंजिनं पाणी प्यायली. फाटकाशी साहेबांच्या हस्ते कडुलिंबाचं रोप लागलं, उरलेलं पाणी त्याला गेलं. शेवटी मालकांनी ‘कुटुंबातला आदर्श कामगार’ म्हणून सिद्धरामच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. एप्रिलच्या उन्हात शाल चांगलीच ऊब देत होती.

तो चाळीत शिरला तेव्हा बाया घागरी घेऊन दारात बसल्या होत्या. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. कोंडाबाईनं उठून त्याच्या हातातला नारळ घेतला, कानाशी धरून हलवला. पुन्हा एकदा हलवला.

“घे बाबा,” ती म्हणाली. “ह्यातबी न्हाई.”