प्रचारनिधीतला अंगरक्षक

मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. निवडणूकही गढूळ होऊ देणार नाही, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं! कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी उभी होते. समोर चंद्रहास. तो आला तर मुलांचा शुक्रवारचा मराठी वर्ग बंद आणि त्या पैशांत ऑर्केस्ट्रा!

पहिल्याच दिवशी अब्बासिया भागात प्रचाराला गेले आणि जिन्यातल्या मांजरानं माझा हात ओरबाडला. मांजर कसलं, मिशा लावलेली कात्रीच ती!

"हल्ला!" माझा नवरा शैलेश ओरडला. "तुला अंगरक्षक हवा!" आणि काळा गॉगल चढवून स्वतःच रुजू झाला. भत्ता मंडळानं प्रत्येक उमेदवाराला दिलेल्या प्रचारनिधीतून!

चंद्रहासनं लगेच तक्रार केली. "लोकांच्या वर्गणीतून नवऱ्याला पगार? तोही मांजरासाठी?"

"प्रचाराला गेले नसते, तर मांजर भेटलंच नसतं," मी शांतपणे म्हणाले. "कारण आणि परिणाम."

निवडणूक अधिकारी प्रेमाताई पेशानं नर्स. त्यांनी आधी मी इंजेक्शन घेतलं का ते विचारलं, मग निकाल दिला. "रक्षकाचा खर्च निधीतून चालेल. पण ड्युटीवरचा रक्षक मतदानाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

जिंकले! फक्त रक्षक जास्तीत जास्त किती, हे ठरवून घ्यायचं राहिलं. अशी चूक आमच्या प्रयोगशाळेत शिकाऊसुद्धा करत नाही!

मतदानाच्या शुक्रवारी चंद्रहास अबू हलीफाच्या हॉलवर आला तो चाळीस रक्षक घेऊन! सगळे मंडळाचे सभासद, सगळ्यांना निधीतून भत्ता. मतं विकत घ्यायची इतकी नियमबद्ध सोय मीच त्याला करून दिली होती. गेला मराठी वर्ग!

दारात प्रेमाताई उभ्या. "रक्षक बाहेर!"

"अहो ताई, आम्ही मतदार आहोत!"

"भत्ता मतदान संपेपर्यंतचा घेतलाय ना? मग ड्युटी करा. नाहीतर पैसे परत द्या आणि या आत."

"पैशांची तर काल बिर्याणी झाली," रक्षकांतला यूसुफ पुटपुटला.

चाळीस मतं बाहेर उन्हात घाम पुसत उभी राहिली आणि मी दणदणीत निवडून आले! बायकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

"तुझं मत मात्र वाया गेलं रे," बाहेर ताटकळलेल्या शैलेशला मी म्हणाले.

"छे! आत सोडलं असतं तर चंद्रहासलाच देणार होतो."

"काय?"

"अगं, तो वर्ग शिकवतो कोण? मीच ना! आठवड्याची शुक्रवारची एक सुट्टी, तीही बाराखडीत!"

आभाराच्या भाषणातून 'घरच्यांचा भक्कम पाठिंबा' हे वाक्य मी हळूच खोडलं.